बावीस कडव्यांचा दम

ग्लेन मोर, केप ब्रेटन
१२ फेब्रुवारी २०१७

प्रिय मोराग,

आधीच सांगतो, म्हणजे तू घाबरणार नाहीस: आपल्या घराचं पुढचं दार उघडलं, पण मेलेलं कोणी नाही.

गाव सोडून तुला पंचावन्न वर्षं झाली, तरी पुढच्या दाराचं तू विसरली नसशील. त्यातून आत येतो तो पाद्री, बाहेर जाते ती नवरी नाहीतर शवपेटी. बाकी सगळं जग मागून, स्वयंपाकघरातून, न ठोकता. बाबांना नेलं तेव्हा ते शेवटचं उघडलं होतं. त्यानंतर मी त्याच्यावर चार वेळा रंग चढवला, फटींसकट. त्यामुळे परवा सकाळी त्या दारावर टकटक झाली, तेव्हा पहिला विचार आला की मला न्यायला आलेत. आणि दुसरा, की निदान मोजे तरी एका जोडीचे घालायला हवे होते.

बाहेर एक पोरगी. नाव झोझेट, शेटिकँपकडची, फ्रेंच बोलणाऱ्यांतली. जानेवारीत मी सर्दीने दोन दिवस इस्पितळात जाऊन आलो. तुला कळवलं नाही, कळवण्यासारखं त्यात काही नव्हतं. तर माझ्यासारख्या जुन्या छातीवाल्यांनी परत परत येऊन खाटा अडवू नयेत, म्हणून त्यांनी आता घरोघरी माणूस पाठवायचं काढलंय. ऑफिसात शिकवतात म्हणे, पुढच्या दाराने जा, ठोका, ओळखपत्र दाखवा. तिच्या आजीने हे पाहिलं असतं तर लाटणं फेकून मारलं असतं.

मी आतून ओरडलो, "मागून ये!" तिला ऐकू गेलं नाही. दार जाड आहे. मग मी पहार घेतली. आता दार बंद ठेवून आजारी माणूस म्हणवून घ्यायचं, की उघडून धडधाकट दिसायचं? मी धडधाकट दिसायचं ठरवलं. वीस मिनिटं. दार उघडलं तेव्हा मी पहारीला धरून उभा नव्हतो, पहार मला धरून उभी होती. पोरीने ओळखपत्र दाखवायच्या आधी मला खुर्चीत बसवलं आणि बोटाला चिमटा लावला. त्यात आकडा आला चौऱ्याऐंशी. मी खूश झालो. शाळेत मला एवढे कधी पडले नव्हते. तिचा चेहरा बघून कळलं की ही परीक्षा वेगळी आहे.

मग म्हणाली, "पंप कसा ओढता, दाखवा." मी रुबाबात दाखवला. तिने कागदी रुमाल काढून माझी दाढी पुसली. मोराग, गेली तीन वर्षं मी ते औषध दाढीवर मारत होतो. दाढीचा दमा एकदम बरा आहे.

फोन का करत नाही म्हणून चिडू नकोस. तारेत बिघाड आहे, नुसती खरखर येते. ऑगस्टमधल्या कापडबडवणीला, सगळे टेबलाभोवती बसून ओलं लोकरीचं कापड आपटतात तेव्हा, दरवर्षीप्रमाणे आईचं गाणं मीच सांगणार आहे, शेजारच्या रॅनीने माझं नाव आत्ताच लिहून घेतलं. तेव्हा सगळं ठीक आहे असं समज.

तुझा,
आलिक


हॅमिल्टन, ओंटारिओ
२४ फेब्रुवारी २०१७

प्रिय आलिक, गाढवा,

तुझं पत्र वाचून एवढी हसले की शेजारीण दार वाजवून गेली. म्हणजे, ती नंतर म्हणाली की वाजवलं होतं.

चौऱ्याऐंशी काही वाईट नाहीत. माझ्या सगळ्या आयुष्याला कोणी मार्क द्यायचे म्हटले तर साठच्या वर जाणार नाही. आणि घरी पोरगी येते, तुझ्या छातीला कान लावते, वर त्याचे पैसेही घेत नाही! बाबा रे, तुला या वयात काय काय मिळायला लागलं. दाढी काढ आधी.

फोनचं म्हणशील तर बरंच झालं. इकडेही फोनचं काही खरं नाही. पत्रच बरं, निवांत वाचता येतं.

आता मुद्द्याचं. मी तिकीट काढलंय. पाच ऑगस्टला येते, कापडबडवणीला तुझ्या शेजारी बसते. आई गेल्यापासून ते गाणं मी पुरतं ऐकलेलं नाही. मला पालुपदाच्या पलीकडे काही आठवतही नाही. आमचे हे आपली गेलिक बोली ऐकली की विचारायचे, कोंबडी गुदमरली का कुणाची, मग मी तोंडच बंद केलं. ते गेले, पण तोंडाला लागलेली सवय काही गेली नाही. तेव्हा बावीसच्या बावीस कडवी मला तुझ्या तोंडून ऐकायची आहेत, एकही न गाळता. तुझ्यानंतर ते कुणाकडे नाही, हे मला माहीत आहे आणि तुलाही. मी एकोणऐंशीची आहे, पुढच्या वर्षाचा भरवसा कोणी द्यावा?

तुझी,
मोराग


ग्लेन मोर
१९ मार्च २०१७

प्रिय मोराग,

तिकीट परत कर. छप्पर गळतंय, तुझ्या खोलीत मी बटाटे ठेवलेत आणि ऑगस्टमध्ये डास फार असतात. हे सगळं खरं आहे, बटाटे सोडून.

गाण्याची तयारी झकास. रोज सरपणाच्या खोलीत जाऊन म्हणतो. रॅनीचा कुत्रा साथीला बसतो आणि मान वर करून सूर लावतो. तो माझ्यापेक्षा जास्त वेळ लावतो एवढंच.

झोझेटचं विचारशील तर, तिने माझ्या फ्रीजवर एक कागद चिकटवलाय. हिरवा, पिवळा, लाल. बरा असलास तर चुंबक हिरव्यावर ठेव, धाप वाढली, कफाचा रंग बदलला तर पिवळ्यावर. पिवळं झालं की तिला कळवायचं आणि ड्रॉवरमधल्या गोळ्या त्याच दिवशी सुरू करायच्या. लाल म्हणजे गाडी बोलवायची. चुंबक लॉब्स्टरच्या आकाराचं आहे. दर मंगळवारी ती फोन करून विचारते, "लॉब्स्टर कुठे आहे?" मी म्हणतो, "हिरव्यावर." आता मी घरात एकटा, लॉब्स्टर माझं, फ्रीज माझा. ते दिसतं कुणाला?

ती फोनवर माझे शब्द मोजते, हेही मला कळलंय. एका श्वासात किती बोलतो ते. म्हणून मी "हो", "नाही", "बरंय", एवढंच बोलतो. आपल्याकडचे पुरुष जन्मभर एवढंच बोलत आलेत, तिला संशय यायचं कारण नाही. खोटं बोलावं पण रेटून बोलावं म्हणतात. मला रेटण्याएवढा दम नाही, म्हणून थोडक्यात बोलतो.

(तू विचारशील की तार बिघडलीय तर मंगळवारचा फोन कसा येतो. मंगळवारी ती सुधारते.)

तिकीट परत कर.

आलिक


ग्लेन मोर
२९ मे २०१७

(हे पत्र आलिक सांगत आहेत आणि मी, झोझेट, लिहिते आहे. ते श्वासाला थांबतात तिथे मी एक रेघ मारणार आहे. याच अटीवर मी लिहायला बसले. त्यांनी अट कबूल केली आहे.)

मोराग — मी बरा आहे — ही विचारते — हे वाक्य खोडू का — नको म्हटलं — सवयीचं आहे, राहू दे.

लॉब्स्टर हिरव्यावर होतं — आणि मी लालमध्ये — चार दिवस पिवळ्यात होतो — गोळ्या ड्रॉवरमध्ये — मी खुर्चीत — मधे सहा पावलं — आणि माझा हट्ट — मंगळवारी हिचा फोन आला — मी म्हटलं, बरंय — तेवढं एकच — पण त्या एका शब्दात — मी दोनदा थांबलो — फोन ठेवला तिने — चाळीस मिनिटांत मागचं दार — न ठोकता — आली तशी आत — मी म्हटलं, आता शिकलीस.

गाडी बोलावलीच होती — तीन दिवस इस्पितळ — मग घरी — आता रोज येते — पण जानेवारीत — दोन दिवस नव्हते — अकरा होते — आणि तार कधीच बिघडली नव्हती — खरखर माझीच — तू ऐकशील म्हणून — पत्रं लिहायला लागलो — पत्रात कुणाला दम लागत नाही — वाटलं होतं.

गाणं येत नाही, मोराग — दुसऱ्या ओळीला बसावं लागतं — कुत्राच म्हणतो — रॅनीला सांगायचं धाडस नाही — आईचं गाणं माझ्यापाशी संपलं — असं तुला — तोंडावर सांगायचं नव्हतं — म्हणून बटाटे.

आलिक


हॅमिल्टन
८ जून २०१७

प्रिय आलिक,

चाळीस रेघा. तीनदा मोजल्या. मग स्वयंपाकघरात उभी राहून रडले आणि मग तुला शिव्या दिल्या, मोठ्याने, कारण मोठ्याने दिल्याशिवाय मला त्या ऐकू येत नाहीत.

हो. आता माझी पाळी. मी बहिरी आहे, आलिक. थोडी नव्हे, चांगली दगडासारखी. चार वर्षं झाली. कानातलं मशीन आणलंय, ते ड्रॉवरमध्ये बटणांच्या डब्याशेजारी पडून असतं, कारण ते घातलं की मी म्हातारी दिसते. एकोणऐंशीव्या वर्षी! तू फोनवर रॅनीची बायको गेल्याचं सांगितलंस, तेव्हा मी काय म्हणाले आठवतंय? "अरे वा, अभिनंदन सांग." मला ते वर्षभराने तुझ्या नाताळच्या कार्डावरून कळलं. म्हणून तू "फोन बिघडलाय" लिहिलंस तेव्हा मी मनातल्या मनात नाचले. सुटले एकदाची.

आणि असली ही बाई भरभक्कम पैसे मोजून विमानाचं तिकीट काढते, कशासाठी? गाणं ऐकायला. हसू नकोस, दम लागेल.

तुला दम नाही, मला कान नाही. दोघं मिळून एक म्हातारं माणूससुद्धा धड होत नाही.

अजून एक. मला आठवत नाही म्हणाले, तेही खोटं. मला ते गाणं पाठ आहे. सगळं. मी न्हाणीघरात म्हणते, पाणी सोडून, पालुपद स्वतःचं स्वतःच. कुणाला ऐकू जात नसेल असं मी धरून चालले होते, कारण मलाच ऐकू येत नाही. कशी म्हणते देव जाणे.

तिकीट परत केलेलं नाही. त्या पोरीला सांग, ती रेघ मारायची अट फार चांगली होती.

मोराग


ग्लेन मोर
१६ जुलै २०१७

प्रिय मोराग,

हे मी माझ्या हाताने लिहितोय, रेघा मनातल्या मनात धर. पूर्वीपेक्षा कमी आहेत.

झोझेटने आम्हा सहा छातीवाल्यांना चर्चच्या तळघरात आठवड्यातून दोनदा गोळा करायला सुरुवात केलीय. खुर्चीपासून खुर्चीपर्यंत चालायचं, बसायचं, उठायचं. आमची सगळ्यांची वयं मिळवली तर साडेचारशेच्या वर, आणि शर्यत लावतो ती कोण शेवटी खोकतो याची. मी एकदा जिंकलो. चूल बंद केली. रॅनीने विजेचा हीटर बसवून दिला आणि बसवताना एवढ्या सूचना केल्या, की पहिल्यांदाच मला बोलायला दम नाही याचं वाईट वाटलं.

त्या पत्रानंतर तिच्यापाशी गाण्याचं नाव मी काढलं नव्हतं, तू रेघांचं कौतुक केलंस त्यावरून तिनेच विषय काढला. म्हणाली, दाखवा कसं बडवता. मी टेबलावर ओला टॉवेल घेऊन दाखवलं: पुढे आपटायचं, मागे ओढायचं, पुढे, मागे. बराच वेळ बघत बसली. मग म्हणाली, "हे तर मी तुम्हाला पाच महिने शिकवतेय. पुढे ढकलताना ओठ चंबूसारखे करून श्वास सोडा, ओढताना आत घ्या. आणि पालुपद लोकांचं आहे ना? मग तेव्हा तुम्ही कशाला गाता?"

मोराग, पन्नास वर्षं मी पालुपदसुद्धा सगळ्यांच्या वरच्या आवाजात म्हणत आलो. कुणी सांगितलं होतं मला?

आता चार कडवी होतात. पाचव्याला थांबतो. बाकीच्या अठरांचं काय करायचं ते तू ये, मग बघू. ती पुढच्या दाराने आली त्या दिवसापासून ते दार नुसतं बोट लावलं तरी उघडतं. रात्री वाऱ्याने वाजतं. मला ते आवडत नाही. कुणीतरी तयारी करून ठेवल्यासारखं वाटतं.

मागून ये. ठोकू नकोस.

आलिक


हॅमिल्टन
२४ ऑगस्ट २०१७

प्रिय आलिक,

सुखरूप पोचले. विमानात माझ्या शेजारचा माणूस तीन तास बोलत होता, मी तीन तास हसत मान हलवत होते. उतरताना त्याने मला मिठी मारली. मी कशाला हो म्हणून बसलेय कुणास ठाऊक.

एक विचारायचं राहिलं, कारण तिथे विचारायची हिंमत झाली नाही. मशीन मी घातलं नव्हतं. मला ऐकू काहीच येत नव्हतं. ओल्या कापडातून टेबलाचा ठोका हाताला कळत होता आणि तुझे ओठ दिसत होते, तेवढ्यावर चालले होते. पाचव्या कडव्यानंतर तुझे ओठ थांबले. लोक पालुपद म्हणत होते, आणि तुझा चेहरा बाबांसारखा पांढरा दिसला. म्हणून मी सहावं सुरू केलं. त्यापुढचं मला धड आठवत नाही. बाया हसत होत्या, रॅनी डोळे पुसत होता. हसून की कसा?

मी कशी गायले? खरं सांग.

मोराग


ग्लेन मोर
२ सप्टेंबर २०१७

प्रिय मोराग,

खरंच सांगतो. मला आता खोटं बोलायला मनाई आहे, फ्रीजवर तसं लिहिलंय.

भयंकर. तू सहावं सुरू केलंस ते अशा पट्टीत, की ती देवाने माणसासाठी केलेली नसावी. रॅनीचा कुत्रा, ज्याने मला वर्षभर सोसलं, टेबलाखालून उठून बाहेर निघून गेला. बाया हसल्या, हो. पण कुणाचे हात थांबले नाहीत, कारण तुझा हात एकदाही चुकला नाही. रॅनी टेबलाभोवतीच्या लोकांना खुणावून पालुपद दोन-दोनदा म्हणवून घेत होता, म्हणजे तेवढ्यात मी श्वास भरून पुढचं कडवं घ्यावं. सातवं मी, आठवं तू, असं चाललं. समोर झोझेट बसली होती. तिला गेलिकचं ओ की ठो कळत नाही, पण माझ्याबरोबर तीही ओठांचा चंबू करत होती.

आता मी जे सांगतो ते तू कुणाला सांगू नकोस. आई गेल्यावर दोन-तीन वर्षांतच बारावं कडवं माझ्या डोक्यातून गेलं. गेलं ते गेलंच. तुला पत्राने विचारावं, तर आईचं गाणं विसरलो हे कबूल करावं लागलं असतं. म्हणून गेली तीस वर्षं मी अकरावं दोनदा म्हणतोय. बावीसचा आकडा भरायला. गावात गेलिक समजणारं कुणी उरलं नाही, सगळे माना डोलवत राहिले आणि मी त्या माना बघून फुगत राहिलो. आईच्या गाण्याचा शेवटचा राखणदार म्हणे!

त्या दिवशी अकरावं माझ्या वाट्याला आलं. म्हटलं आणि छाती भरून पुन्हा तेच म्हणायच्या तयारीत बसलो. आणि तू बारावं काढलंस. तीच पट्टी, तोच आवाज. "मागचं दार नुसतं लोटून ठेव, मी न ठोकता येईन." मोराग, मी ती ओळ शोधत तीस वर्षं सरपणाच्या खोलीत बसलो होतो. त्या वेळी मी जे थांबलो ते दमाने नव्हे. पालुपद मी म्हटलंच नाही, पण ते श्वास वाचवायला नव्हे. झोझेटने घाबरून बोटाला चिमटा लावला, एकोणनव्वद होते. ती म्हणाली, "मग रडताय कशाला?"

रॅनीही त्याच ओळीला रडला. शब्द कळले म्हणून नव्हे. मला रडताना बघून.

तर तू भयंकर गायलीस, आणि पुढच्या वर्षी तुझं नाव रॅनीने लिहून घेतलंय.

बारावं लिहून पाठव असं म्हणणार होतो, पण नको. लिहिलेलं मी फ्रीजवर लावीन आणि लॉब्स्टरखाली झाकून टाकीन. त्यापेक्षा मंगळवारी संध्याकाळी सातला फोन कर, तुमचे सहा. झोझेटचा फोन तोवर होऊन गेलेला असतो. मी उचलीन आणि काही बोलणार नाही. तू "हॅलो हॅलो" करत बसू नकोस, सरळ गायला लाग, पहिल्यापासून. मला बोलावं लागणार नाही आणि तुला ऐकावं लागणार नाही. मी टेबलावर ठोका धरीन. संपलं की ठेवून दे.

तुझा,
आलिक

ता. क. पुढचं दार परत रंगवून बंद केलं, फटींसकट. मला रंगाचा वास चालत नाही म्हणून रॅनीने रंगवलं आणि मी अंगणात खुर्ची टाकून त्याला शिकवत होतो. त्याने विचारलं, किती हात देऊ? मी म्हटलं, चार दे, घाई कुणाला आहे?